गाडीचे सुकाणू जड का होते?

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात गाडीवाचून पान हलत नाही. ओली मिरची नंदुरबारच्या बाजारात येते, ती गाडीत. पथारीवर वाळून ती परमुलखात जाते, तीही गाडीत. शहाद्याकडचा ऊस कारखान्यावर जातो, रेशनचे धान्य सातपुड्यात धडगावपर्यंत चढते, सारे गाडीच्या पाठीवर. आणि वाट कशी? सुरत–धुळे रस्त्याला कोंडाईबारीचा घाट. तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट. अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोईचा घाट. वळणामागून वळण. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी.

अशा वाटेवर ड्रायव्हरचा जीव कशात असतो? दोन गोष्टींत. एक ब्रेक, आणि दुसरे स्टेअरिंग. स्टेअरिंग म्हणजे गाडीचे सुकाणू. नावेला सुकाणू नसेल तर नाव वाहवत जाते. गाडीचे सुकाणू वळले नाही, तर गाडी दरीत जाते.

आज आम्ही या सुकाणूची माहिती सांगणार आहोत. ती नुसती ड्रायव्हर लोकांसाठी नाही. गाडीत माल भरणारा शेतकरी, गाडीचा मालक, क्लीनर, गाडीत बसून बाजाराला जाणारा माणूस, सगळ्यांनी ती वाचावी.

एका गाडीची गोष्ट

आमच्या माहितीतली एक गाडी होती. जुनी दोन धुरांची ट्रक. तिचा सांगाडा एका गाडीचा, इंजिन दुसरीचे. वरची केबिन आणि फळ्या गावच्या सुताराने नि लोहाराने बांधलेल्या. पहिल्याने तिला साधे स्टेअरिंग होते. ते इतके जड, की दिवसभर गाडी चालवून ड्रायव्हरचे खांदे भरून येत. म्हणून मालकाने भंगार बाजारातून पॉवर स्टेअरिंगची पेटी आणली, पंप आणला आणि बसवून घेतला.

गाडी रिकामी असली की स्टेअरिंग एका बोटाने फिरे. मालक खूश झाला. पण माल भरला की ते अडे. एकदा धान्याची पोती भरून गाडी चांदसैलीचा घाट उतरत होती. एका आवळ वळणावर ड्रायव्हरने चाक फिरवले, पण ते पुरते फिरेना. क्लीनरही धावला. दोघांनी मिळून चाक ओढले. ड्रायव्हरने ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हा पुढचे चाक कडेच्या दगडाला टेकले होते. दगडापलीकडे दरी होती.

मालकाने पेटी दोन वेळा उघडून घेतली. दोन्ही वेळा सील बदलले. पैसे गेले, दुखणे राहिले. मग गाडी नंदुरबारच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे आली. आम्ही त्या दिवशी तिथे बसलो होतो. मिस्त्रीने पाना हातात घेतला नाही. तो म्हणाला, "भाऊ, आधी मला सांगा, ती कधी जड होते? उभी असताना का चालताना? एका बाजूला का दोन्ही बाजूंना? रिकामी असताना का भरलेली असताना?"

वैद्य आधी नाडी बघतो, मग पुडी देतो. मिस्त्रीचे तसेच होते.

पॉवर स्टेअरिंग म्हणजे काय?

दुखणे समजायचे तर आधी अंग समजले पाहिजे.

भरलेल्या ट्रकच्या पुढच्या दोन चाकांवर पाच-सहा टन वजन असते. एवढ्या वजनाखालची चाके माणसाने मनगटाच्या जोरावर वळवायची. म्हणून जुन्या गाड्यांचे स्टेअरिंग परातीएवढे मोठे असे आणि ते पुष्कळ वेळा फिरवावे लागे.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिस नावाचा एक इंजिनियर होता. तो ट्रकच्या कारखान्यात काम करी. त्याने 1926 साली एका मोटारीला तेलाच्या दाबावर चालणारे स्टेअरिंग बसवून दाखवले. बाजारात विकायच्या मोटारींना ते मिळायला 1951 साल उजाडले. आपल्याकडे ट्रकना ते पुष्कळ उशिरा आले. पुणे जिल्ह्यात वढू बुद्रुक येथे अशा पेट्या करणारी कंपनी 1981 साली स्थापन झाली. आता नव्या ट्रकना पॉवर स्टेअरिंग असतेच. जुन्यांना मात्र लोक मागाहून बसवून घेतात.

त्याचे काम असे चालते. इंजिनाच्या जोरावर एक लहान पंप फिरतो. काही गाड्यांत तो पट्ट्यावर फिरतो, काहींत दातेरी चाकावर. पंप टाकीतले तेल ओढतो आणि दाबाने जाड नळीत ढकलतो. ते तेल स्टेअरिंगच्या पेटीत जाते. पेटीत एक झडप असते. तुम्ही स्टेअरिंग उजवीकडे फिरवले, की झडप तेलाला एका बाजूची वाट मोकळी करते. डावीकडे फिरवले, की दुसऱ्या बाजूची. ते तेल पेटीतल्या दट्ट्याला ढकलते. दट्ट्या सरकला की पेटीखालची दांडी हलते. तिला ड्रॉप आर्म म्हणतात. ड्रॉप आर्म पुढच्या लांब दांडीला, म्हणजे ड्रॅग लिंकला ढकलते, आणि चाक वळते. दोन्ही चाके टाय रॉडने एकमेकांना बांधलेली असतात, म्हणून दोन्ही बरोबर वळतात. काम झालेले तेल परतीच्या नळीने टाकीत येते.

म्हणजे तुम्ही नुसती खूण करता, जोर तेल लावते. बैलगाडीत कासरा तुमच्या हातात असतो, पण ओढतो बैल. तसेच हे.

मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. इंजिन बंद झाले, की पंप बंद. पंप बंद, की बैल बसला. मग स्टेअरिंग फिरते, पण साध्या स्टेअरिंगपेक्षाही जड फिरते.

सोप्यापासून सुरुवात

मिस्त्रीने पेटीला हात लावला नाही. तो आधी चाकांकडे गेला.

पहिले, हवा. पुढच्या चाकांत हवा कमी असली, की टायर जमिनीला चिकटून बसतो. स्टेअरिंग दोन्ही बाजूंना जड होते. एकाच चाकात हवा कमी असेल, तर गाडी त्या बाजूला ओढते. पुष्कळ वेळा दुखणे इथेच असते, आणि लोक पेटी उघडून बसतात. या गाडीची हवा बरोबर होती.

दुसरे, तेल. टाकीचे झाकण काढून काडी बघितली. तेल खुणेपर्यंत होते. तेलाचा रंगही बघावा. नवे तेल बहुधा लाल असते. काळे पडले आणि जळका वास आला, तर ते तापून मेले आहे. तेलावर फेस असला, किंवा ते दुधासारखे दिसले, तर आत हवा शिरली आहे. हवा दाबली की दबते, तेल दबत नाही. म्हणून हवा शिरली की स्टेअरिंग झटके देते आणि पंप कुरकुरतो. हवा बहुधा टाकीकडून पंपाकडे जाणाऱ्या नळीतून शिरते. तिथली पट्टी सैल असते, किंवा नळीला चीर असते. बाहेर तेल गळत नाही, म्हणून ते कोणाच्या ध्यानात येत नाही.

डब्यावर कोणते तेल लिहिले आहे, ते वाचून घाला. जे हाताशी आले ते ओतू नका. ब्रेकचे तेल यात चुकून घातले, तर रबरी सील फुगतात आणि सगळी पेटी जाते.

तिसरे, पट्टा. पंप पट्ट्यावर असेल तर पट्टा दाबून बघा. सैल पट्टा घसरतो. वळताना चीं-चीं आवाज येतो आणि स्टेअरिंग मध्येच अडते. पट्टा बघताना इंजिन बंद ठेवा. चालत्या पट्ट्याने बोटे गेलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

चौथे, सांधे. पुढचा भाग जॅकने उचलून खाली घोड्या लावल्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधी शिरू नये. मिस्त्रीने ड्रॅग लिंक सोडवली आणि चाक हाताने वळवून पाहिले.

ही युक्ती फार चांगली आहे. ड्रॅग लिंक सोडवली, की दुखणे दोन घरांत वाटले जाते. चाक हाताने जड वळले, तर दोष चाकाकडे. किंगपिन ग्रीस न मिळाल्याने सुकली आहे. चाक हलके वळले, तर दोष वरच्या घरात. म्हणजे दांडा, पेटी, पंप किंवा तेल.

इथे चाक हलके वळले. मिस्त्री म्हणाला, "अर्धी गाडी निर्दोष सुटली. आता उरलेली अर्धी बघू."

पाटीवर काय लिहिले होते?

मग मिस्त्रीने पेटी रॉकेलच्या फडक्याने पुसली. काळ्या थराखाली एक लहान पाटी निघाली. पंपावरही तशीच पाटी होती. मिस्त्रीची नजर आता अधू झाली होती. त्याने क्लीनरला हाक मारली. तो पोरगा रात्रीच्या वर्गात नुकता अंक शिकला होता.

"वाच रे, काय लिहिलंय?"

"पेटीवर 130 आहे, उस्ताद."

"आणि पंपावर?"

"70."

मिस्त्री हसला. "सापडला चोर," तो म्हणाला.

हे आकडे दाबाचे होते. दाब बारमध्ये मोजतात. एक बार म्हणजे अंदाजे एका चौरस सेंटीमीटरवर एक किलो वजन. ट्रकच्या चाकात सुमारे 7 किलो दाबाची हवा असते. या पेटीला मात्र 130 किलोपर्यंत दाब लागत होता, म्हणजे चाकाच्या अठरापट. आणि मालकाने आणलेला पंप एखाद्या लहान गाडीचा होता. तो 70 च्या वर दाब देतच नव्हता. तेवढा दाब झाला की त्याच्यातली सुटकेची झडप उघडे आणि तेल मागे फिरे.

आता हिशेब करा. दट्ट्याचे तोंड 80 चौरस सेंटीमीटर धरा. 130 किलो दाबाने त्यावर 10,400 किलो जोर येतो. 70 किलो दाबाने 5,600 किलो. म्हणजे जोर जवळजवळ निम्मा. रिकाम्या गाडीला निम्मा जोर पुरे. भरलेल्या गाडीला तो कसा पुरणार? दोन बैलांच्या नांगराला एक बैल जुंपला, तर भुसभुशीत जमिनीत तो चालेल. काळ्या चिकट रानात तो बसणारच.

पण मिस्त्रीने नुसत्या पाटीवर विश्वास ठेवला नाही. त्याने पंप आणि पेटी यांच्यामध्ये दाबाचे घड्याळ लावले. घड्याळाच्या पुढे एक कॉक होता. इंजिन सुरू करून त्याने कॉक क्षणभर बंद केला. काटा 70 वर जाऊन थांबला. लगेच कॉक उघडला. कॉक पाच सेकंदांपेक्षा जास्त बंद ठेवू नये, पंप जळतो.

म्हणजे पंप आजारी नव्हता. तो त्याच्या मापाने ठीक काम करीत होता. तो फक्त या गाडीला लहान होता. आणि पेटी तर मुळीच बिघडली नव्हती. दोन वेळा सील बदलण्याचा खर्च फुकट गेला होता.

काही लोक अशा वेळी सुटकेच्या झडपेखाली वायसर घालून दाब वाढवतात. तसे करू नका. पंप फुटतो, नाहीतर नळी फुटते. नळी फुटली की घाटात एकदम सगळा जोर जातो.

आणखी एक दोष निघाला

मिस्त्रीने परतीची नळी हाताने तपासली. नवी केबिन बसवताना ती फळी आणि लोखंडी पट्टी यांच्यामध्ये दबली होती. तेल परत येताना अडत होते. म्हणून तेल तापे आणि पंप घुरघुरे. दाबाची नळी तर साधी पाण्याची होती. वरून तारेने गुंडाळलेली. मिस्त्रीने ती तिथल्या तिथे कापून टाकली, पुन्हा कोणी वापरू नये म्हणून.

दाबाच्या नळीचे गळणे शोधताना इंजिन चालू असेल, तर हात फिरवू नका. सुईएवढ्या भोकातून निघालेले तेल कातडीतून आत शिरते. वरून फक्त टाचणी टोचल्यासारखे दिसते, पण आत मांस सडते. नळीपासून लांब उभे राहा आणि पुठ्ठा पुढे धरा. पुठ्ठ्यावर डाग पडला, की गळती कळली. चुकून तेल कातडीत शिरलेच, तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका. लगेच दवाखान्यात जा आणि काय झाले ते डॉक्टरांना सांगा.

दुरुस्ती कशी झाली?

पेटीला जुळणारा पंप आणला. आणताना तीन गोष्टी वाचल्या. दाबाचा आकडा पेटीच्या आकड्याहून मोठा नको आणि फार लहानही नको. दर मिनिटाला तो किती लिटर तेल देतो, ते पेटीला पुरले पाहिजे. आणि पंपावरचा बाण. पंप बाणाच्या दिशेनेच फिरला पाहिजे. उलटा फिरला तर तेल ढकलणार नाही. दोन्ही नळ्या योग्य दाबाच्या बसवल्या. टाकीतली जाळी धुतली. नवे तेल भरले.

मग आतली हवा काढली. पुढची चाके उचलली. इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत पुष्कळ वेळा फिरवले. तेल खाली गेले, तसे भरत गेले. मग इंजिन हळू चालवून पुन्हा तसेच केले. टाकीतले बुडबुडे थांबले, तेव्हा हवा निघाली असे समजले. शेवटच्या टोकाला स्टेअरिंग दाबून धरले नाही. टोकाला दाब सगळ्यात जास्त असतो. तिथे चार-पाच सेकंदांहून जास्त धरले, तर तेल उकळल्यासारखे तापते.

दुसऱ्या दिवशी गाडी भरून बघितली. ड्रायव्हरने उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवले आणि तो काहीच बोलला नाही. नुसता मिस्त्रीच्या पाया पडला.

दुखण्याची खूण, दोषाचे घर

सगळ्या गाड्यांचे दुखणे सारखे नसते. म्हणून आम्ही मिस्त्रीला विचारून काही खुणा लिहून घेतल्या.

दोन्ही बाजूंना जड: हवा, तेल, पट्टा, पंप, किंगपिन, याच क्रमाने बघा.

एकाच बाजूला जड: दोन्ही चाकांची हवा सारखी आहे का, एखादा ब्रेक धरून राहतो का, ते बघा. ते ठीक असेल, तर पेटीतली झडप किंवा सील.

इंजिन हळू चालताना जड, रेस दिल्यावर हलके: पट्टा सैल, किंवा पंप झिजलेला.

वळण संपल्यावर स्टेअरिंग आपोआप सरळ येत नाही: किंगपिन सुकली, दांड्याचा सांधा धरला, किंवा पेटी फार आवळली. बांधून घेतलेल्या गाडीत धुरा पाट्यांवर वाकडा बसला असेल, तरी असे होते.

खड्ड्यात चाक गेले की स्टेअरिंग हाताला हिसका देते: ड्रॅग लिंकची लांबी किंवा उतार चुकला. पेटी एका गाडीची आणि धुरा दुसरीचा असला, की हे हटकून होते.

स्टेअरिंग मोकळे हलते, चाक हलत नाही: एकाने स्टेअरिंग थोडेथोडे हलवावे. दुसऱ्याने बाजूला उभे राहून, हात आत न घालता, कोणता सांधा नुसताच हलतो ते बघावे. मागच्या चाकांना आधी दगड लावा. पेटीचे बोल्ट सैल आहेत का, आणि सांगाड्याला पेटीजवळ चीर आहे का, हेही बघा. सांगाडा मूळचा साध्या स्टेअरिंगचा असतो. त्याला पॉवरचा जोर सोसतोच असे नाही.

ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड यांना वेल्डिंग करू नका. वेल्डिंगच्या कडेला लोखंड कडक होते आणि काचेसारखे तडकते. तुटकी दांडी फेकून नवी घाला.

आणि कायद्याचे बघा. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. 1988 सालच्या मोटार वाहन कायद्यात, कलम 52 मध्ये तसे लिहिले आहे. बदल करण्याआधी परिवहन कार्यालयात विचारा. नोंद नसलेला बदल अपघातानंतर विम्याच्या वेळी आडवा येतो.

घाटातली एक वाईट सवय

जाता जाता मिस्त्रीने ड्रायव्हरला विचारले, "घाट उतरताना इंजिन बंद करता का, भाऊ?"

ड्रायव्हरने मान खाली घातली. डिझेल वाचावे म्हणून तो कधीकधी तसे करी.

मिस्त्री रागावला नाही. तो म्हणाला, "तुमचा पंप नवा आहे, नळी नवी आहे. पण इंजिन बंद केलं, तर तो पंप काय करील? स्टेअरिंगचा जोर गेला. हवेच्या ब्रेकची हवाही भरायची थांबली. वाटीभर डिझेल वाचलं, आणि पोरं उघडी पडली."

आम्हाला वाटते, या सगळ्या लेखातले हेच एक वाक्य ध्यानात राहिले, तरी पुष्कळ झाले. घाट चढताना ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच गिअरमध्ये तो उतरावा. इंजिन चालू ठेवावे.

ध्यानात ठेवा

1. आधी विचारा, मग बघा, मग खोला.
2. सोप्या गोष्टी आधी: हवा, तेल, पट्टा, ग्रीस.
3. पंप आणि पेटी यांच्या पाट्या वाचा. आकडे जुळले पाहिजेत.
4. जॅकवरच्या गाडीखाली घोड्या लावल्याशिवाय शिरू नका.
5. गळणाऱ्या नळीवर हात फिरवू नका.
6. स्टेअरिंगच्या दांड्यांना वेल्डिंग नको.
7. उतारावर इंजिन बंद करू नका.

सांगा पाहू

गाडी रिकामी असताना स्टेअरिंग हलके आणि भरल्यावर जड का होत होते?

ड्रॅग लिंक सोडवून चाक फिरवले, तर काय कळते?

तुमच्या गावच्या गाडीच्या पंपावर कोणता आकडा लिहिला आहे? ड्रायव्हरदादांना विचारून, पाटी पुसून, तुम्ही स्वतः वाचून या.